लोटूभाऊंचा मुनवा

लोटूभाऊ महाजन उंचीनं पाच फुटांना दोन बोटं कमी. हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही, आणि राजपुऱ्याच्या त्या गल्लीत सांगायचं कोणी सोडतही नाही.

देवानं उंची देताना हात आखडला म्हणून असेल, पण बाकी सगळं त्यांना उंच लागायचं. घराचा ओटा गल्लीत सगळ्यात उंच. जसोंडीच्या शिवारातली केळी अशी की घड उतरवायला शिडी लागावी. बायको कोकिळाबाई, त्या तर त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. बैठकीतल्या लग्नाच्या फोटोत दोघं अगदी बरोबरीनं उभे दिसतात, पण तो फोटो गुडघ्यापासून कापलेला आहे. खाली पाट होता. ही बातमी गल्लीला समोरच्या सुलभाताईंनी दिली. लग्नात तो पाट त्यांच्या सासूबाईंच्या घरून गेला होता, त्यामुळे पुरावा त्यांच्याकडेच.

अशा माणसाला कुत्री उंच हवी, यात नवल नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी नेपानगरहून जर्मन शेफर्डची जोडी आली. लोटूभाऊंचे मावसभाऊ नामदेव तिथल्या कागद कारखान्यात. त्यांच्या क्वार्टरमध्ये कुत्री व्याली, त्यातला एक नर, एक मादी लोटूभाऊंनी आणली. शेरा आणि बिजली. वर्षभरात दोघं अशी वाढली की ओट्यावर बसली की दूधवाला गल्लीच्या तोंडावरूनच हाक मारायचा. लोटूभाऊ त्यांना दोन हातांत दोन साखळ्या धरून फिरायला नेत. कोण कोणाला नेतंय हा प्रश्न गल्लीत रोज संध्याकाळी निघे.

नामदेवनं फोनवर आधीच बजावलं होतं. "लोटू, जोडी खुशाल पाळ, पण त्यांच्यातच वीण वाढवू नको. एका वेताची भावंडं आहेत. नर बाहेरचा बघ."

लोटूभाऊ हसले. "नामदेव, तू कागद बनवतो, मी केळी लावतो. जातीचं मले शिकवू नको."

केळी लावणाऱ्याचा हिशोब असा. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. ज्या झाडाचा घड भारी, त्याच्याच पोटचा, तलवारीसारख्या पानाचा मुनवा निवडायचा आणि लावायचा. आई तशी लेक, लेकीची लेक तशीच. आता सगळीकडे टिश्यू कल्चरची रोपं आली, तरी लोटूभाऊंनी बागेचा एक कोपरा आजोबांच्या वेळच्या मुनव्यांचा राखून ठेवलेला. त्यात बाहेरचं रोप शिरू द्यायचं नाही. मग शेरासारखा शेरा आणि बिजलीसारखी बिजली घरात असताना बाहेरचा नर आणून बाग मिसळायची कशाला?

याच लोटूभाऊंनी मोनालीचं, म्हणजे आपल्या लेकीचं लग्न ठरवताना मुलाचं कूळ, मामाचं कूळ, आजीचं माहेर असं तीन पिढ्यांपर्यंत खणून काढलं होतं. एक चांगलं स्थळ तर लांबचं नातं निघालं म्हणून परत केलं. पण माणसाला माणसाचा कायदा आणि कुत्र्याला केळीचा, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

बिजली व्याली. सहा पिल्लं.

लोटूभाऊ पिल्लू विकत नाहीत. घेणाऱ्यानं नारळ आणि ताजी ज्वारीची भाकरी आणायची. नारळ उंबऱ्याशी फोडायचा, भाकरी आपल्या हातानं कुत्रीला भरवायची, तिनं खाल्ली म्हणजे तिनं लेकरू दिलं, मग उचलायचं. फोपनारचा हर्षल, इतवाऱ्यातले दत्तात्रय आणि आणखी तिघं, असे पाच नारळ दोन महिन्यांत फुटले. सहाव्या पिल्लापुढं जो तो वाकला, आणि न उचलताच कमरेवर हात देऊन सरळ झाला.

सहावं वाढतच नव्हतं. भावंडं मांडीला लागली, ते मुठीतून टोपलीत आलं एवढंच. सहाव्या महिन्यात हर्षल आपला कुत्रा दाखवायला घेऊन आला, तो मागच्या पायांवर उभा राहिला की लोटूभाऊंच्या छातीपर्यंत. घरचं हे मात्र मांजराएवढं. अंगावर पिल्लाचीच लोकर, दुधाचे दात जागचे हलेनात, भुंकणं म्हणजे दाराची बिजागरी करकरावी तसं. कोकिळाबाईंनी त्याचं नाव मुनवा ठेवलं. बिजलीच्या बुंध्याला चिकटून असायचं म्हणून.

नळावर सुलभाताई म्हणाल्या, "भाऊजी, बाकी पाच वहिनींवर गेले. हा एकटाच तुमच्यावर गेला बघा."

गल्ली हसली. लोटूभाऊही हसले, पण त्या दिवसापासून कोणी आलं की मुनवा गोठ्यातल्या टोपलीखाली जाऊ लागला. कारण येणारे वाढले होते. पुढच्या वेताची पिल्लं हवीत म्हणून अकरा जणांनी शब्द घेऊन ठेवला होता. 'लोटूभाऊंची जात' असं फोपनारपर्यंत बोलत होते. पाच फुटांना दोन बोटं कमी असलेल्या माणसाला असं काही ऐकायला मिळालं, तर ते तो टोपलीखाली कसं जाऊ देईल? त्यानं टोपलीखाली मुनव्याला ठेवलं.

आणि मनात भीतीही होती. दोन वर्षांपूर्वी बागेत हरण्या शिरला होता. केळीचा रोग, पानावर पिवळे पट्टे. असं एक झाड दिसलं की शेतकरी विचार करत बसत नाही. मुळासकट उपटतो, बागेबाहेर पुरतो, नाहीतर सगळी बाग जाते. लोटूभाऊंनी तेव्हा आठशे झाडं स्वतःच्या हातानं उपटली होती. आता मुनव्याची वाढ खुंटलेली पाहिली की त्यांना ती पिवळी पानं आठवत. उद्या हे शेराला लागलं तर? बिजलीच्या पुढच्या वेताला लागलं तर?

एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "मुनव्याले डोईफोडियाले सोडतो. आपल्या दोस्ताचं, गिरधरचं शेत तिथं जंगलाले लागून आहे. मोकळी हवा भेटेल त्याले."

"मोकळी हवा त्याले, अन् न्याहारी बिबट्याले," कोकिळाबाई कणीक मळत म्हणाल्या.

"अगं, बागेत हरण्याचं झाड ठेवतं का कोणी?"

"झाड आहे का ते? आधी डॉक्टरकडं चला. तिनं सांगितलं सोडा, तर मी सोता पोहोचवून येते. नाहीतर मी बी मागं बसते, मले बी सोडून या गिरधरकडं."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. कोकिळाबाई बोलल्या म्हणजे बसतील, हे लोटूभाऊंना माहीत होतं. केळीच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये मुनवा, कॅरेट कोकिळाबाईंच्या मांडीवर, आणि गाडी लालबागच्या रस्त्याला.

डॉक्टर वैजयंती तिशीची, नेपानगरच्याच कॉलनीत वाढलेली. तिनं मुनव्याचे दात पाहिले, लोकर ओढून पाहिली, टॉर्च मारला, वजन घेतलं. मग वही उघडली.

"आई-बाप कुठले, काका?"

लोटूभाऊंनी छाती पुढं काढली. "दोघं घरचेच, मॅडम. एका वेताचे सख्खे भाऊ-बहीण. बाहेरचा थेंब नाही."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही अभिमानानं सांगताय."

"मग? एक नंबर जात आहे."

"काका, हा बुटका आहे. जन्मानंच. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती अंगाला वाढ म्हणून सांगते. याची ग्रंथी सांगतच नाहीये. शेफर्डमध्ये हे होतं. रक्त पाठवून नक्की करू, आई-बापाचंही."

लोटूभाऊ पुढं वाकले. "एवढंच सांगा, हे लागतं का दुसऱ्याले?"

"नाही."

"आत्ता नाही, पण पुढं? हरण्या बी पहिले एकाच झाडावर दिसतो."

"हे लागत नाही, काका. हे येतं. निम्मी चूक आईकडून, निम्मी बापाकडून. ज्याच्याकडे निम्मीच असते तो ठणठणीत दिसतो, तुमच्या शेरासारखा. दोन्ही निम्म्या एका पिल्लात आल्या की असा मुनवा होतो. अशी जोडी लावली की चारातून एक तसा निघायचा. आणि भाऊ-बहिणीत तीच चूक दोघांकडे असायची शक्यता जास्त. परक्याकडे ती सहसा नसते."

"पण केळीले तर आपण त्याच झाडाचा मुनवा..."

"केळीला बाप असतो का, काका?"

लोटूभाऊ मनात हिशोब करू लागले. चाळीस वर्षं केळीत गेली होती. घडाचा भाव, खताचा डोस, वाऱ्याची दिशा, सगळ्याचा विचार केला होता, केळीच्या बापाचा कधी केला नव्हता.

"नाही ना? तिथं आईच शेजारी पुन्हा उभी राहते," डॉक्टर म्हणाली. "इथं दोघं मिळून तिसरा होतो. म्हणून तर माणसं सोयरीक करताना विचारतात."

"आपल्या मोनालीच्या वेळेस तर यांनी मुलाच्या पणजीचं माहेर बी विचारलं होतं," कोकिळाबाईंनी भर घातली.

डॉक्टरनं बाकीचंही लपवलं नाही. मुनव्याची लोकर गळत जाईल, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल, एक गोळी रोज, जन्मभर. आयुष्य मोठं नाही, चार-पाच वर्षं, नीट सांभाळलं तर थोडं जास्त. "पण आज त्याला काही दुखत नाहीये. भूक आहे, खेळतोय. दिलेली पाच मात्र दिसायला चांगली असली तरी त्यातल्या बऱ्याच जणांकडे निम्मी चूक असणार. त्यांच्या घरी सांगावं लागेल. आणि ही जोडी पुन्हा नाही."

"अकरा लोकांना शब्द दिलाय."

"तर अकरा लोकांकडून परत घ्या."

वीस दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरनं म्हटलं होतं तसंच. आता मुनवा कोणाला लागणार नाही हे लोटूभाऊंना पक्कं कळलं होतं, त्यामुळे त्याला सोडायचं कारण उरलं नव्हतं. आणि तरीही त्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा कॅरेट काढलं.

कारण मुनवा अंगणात असेपर्यंत चूकही अंगणात सगळ्यांना दिसत राहणार होती. तो नसला तर बिजलीला पुढं पिल्लं होत नाहीत एवढंच सांगायचं. अकरा जण दोन दिवस हळहळतील. पाच घरी जायला नको, 'माझी अक्कल केळीची निघाली' असं कोणाच्या ओट्यावर बसून बोलायला नको. कोकिळाबाई नळावर गेलेल्या, तेवढ्यात त्यांनी मुनव्याला कॅरेटमध्ये ठेवलं. तो समजला फिरायला जायचंय. शेपटी कॅरेटच्या भोकातून बाहेर काढून हलवू लागला.

ओट्याच्या आत, उंबऱ्याशी भागाबाई ज्वारी पाखडत होत्या. लोटूभाऊंच्या आई, ब्याऐंशी वर्षांच्या. नजर कमी झालेली, पण कोणाची पावलं चोरासारखी पडतात हे कळण्याइतकी शाबूत.

"कुठं नेतो त्याले?"

"गिरधरकडं, आई. डोईफोडियाले."

भागाबाईंनी सुपातली ज्वारी परातीत ओतली. "आण इकडं."

"आई, उशीर होतो..."

"आण म्हणते ना."

त्यांनी मुनव्याला सुपात ठेवलं. तो दाणे शोधू लागला. भागाबाईंनी सूप उंबऱ्यावर टेकवलं आणि पायानं हळूच बाहेर लोटलं. उंच ओट्यावरून घसरत घसरत सूप पायरीवर थांबलं.

लोटूभाऊ जागच्या जागी उभे राहिले. ही रीत त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या नावातून ते ती रोज ऐकत आले होते. भागाबाईंची पहिली दोन लेकरं गेली. तिसरं झालं ते एवढंसं की सुपात निम्मी जागा उरली. दृष्ट लागू नये, काळाला वाटावं हे कोणाला नकोच आहे, म्हणून सुपात घालून उंबऱ्याबाहेर लोटलं. समोरच्या पार्वतीबाईंनी, म्हणजे सुलभाताईंच्या सासूनं उचललं. मग आईनं तीनदा 'माझं आहे, दे' म्हणून मागितलं, मूठभर कोंडा दिला आणि परत घेतलं. लोटलं म्हणून लोटू.

"लोटतात ते परत आणायले," भागाबाई म्हणाल्या. "सोडून यायले नाही. सुलभा, ए सुलभा, तुझ्या सासूनं ह्याले उचललं, तू त्याले उचल."

सुलभाताई कळशी ठेवून आल्या. मुनव्याला पदरात घेतलं. त्यानं त्यांची हनुवटी चाटली.

"सापडलं त्याचं," त्या म्हणाल्या. "मी नाही देत बाई."

"वहिनी, मस्करी नका करू. द्या, मले निघायचंय."

"तुम्ही तर सोडायलाच निघाले होते. मग मी ठेवलं तर काय बिघडलं? माझ्या दोन खोल्यांत उंच कुत्रं मावत बी नाही. हे बरं आहे. वाढायचं टेंशन नाही."

आणि त्या खरोखरच वळून आपल्या दाराकडे चालू लागल्या. मुनवा त्यांच्या खांद्यावरून मागं पाहत होता. डोईफोडियाला न्यायला निघताना जे काळजात हललं नव्हतं, ते आठ पावलांवरच्या दारात तो शिरताना हललं. लोटूभाऊ पायऱ्या उतरले.

"वहिनी. द्या ते."

"कोणाचं आहे?"

"घरचं आहे."

"घर काही बोलत नाही. कोणाचं आहे, नीट सांगा. रीत आहे."

दूधवाला गाडी थांबवून उभा. नळावरच्या बायांनी नळ तसेच सोडले.

"माझं आहे," लोटूभाऊ चपलेकडे पाहत म्हणाले.

"एक झालं. सासूबाईंना वर स्वर्गात ऐकू गेलं पाहिजे."

"माझं आहे."

"दोन."

लोटूभाऊंनी मान वर केली. सुलभाताईही त्यांच्यापेक्षा उंचच. "माझं आहे," ते म्हणाले, "माझ्याच चुकीनं असं झालं आहे, अन् माझं आहे. द्या."

सुलभाताईंनी थट्टा तिथंच थांबवली, म्हणजे त्या दिवसापुरती. "कोंडा आणा," एवढंच म्हणाल्या.

कोंडा आणायला जावं लागलं नाही. कोकिळाबाई मागं उभ्या होत्या, मूठ भरलेली. ती मूठ कधीपासून भरलेली होती आणि नळावर त्या सुलभाताईंशी काय बोलत होत्या, हे लोटूभाऊंनी आजपर्यंत विचारलं नाही. ते भागाबाईंचं डोकं की कोकिळाबाईंचं, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत.

पुढच्या रविवारी लोटूभाऊ निघाले. पाच नारळ, कोकिळाबाईंच्या हातच्या पाच भाकरी, समोर कॅरेटमध्ये मुनवा. ज्यांच्याकडून भाकरी घेतली त्यांच्या घरी भाकरी घेऊन जायची आणि त्यांच्या कुत्र्याला भरवून सांगायचं, की तुमचं जनावर निरोगी आहे, पण त्याची पैदास करू नका, आणि का ते हे बघा. 'हे बघा' म्हटलं की मुनवा कॅरेटमधून डोकं काढायचा.

सगळ्यात धाकधूक होती ती फोपनारची. हर्षल तरुण, तोंडानं फटकळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रिपोर्टही वाचला. मग म्हणाला, "भाऊ, उपकार झाले तुमचे. दिवाळीत आमचं ठरलं होतं, माझा कुत्रा अन् दत्तात्रयभाऊंची कुत्री."

ती दत्तात्रयांची कुत्री म्हणजे याच वेतातली. लोटूभाऊंनी हात जोडले, हर्षलला नाही, कॅरेटला.

शब्द परत घेतला तेव्हा अकरांपैकी चार जण हसले, दोघं रागावले, बाकीच्यांनी चहा पाजला. शेरा आणि बिजलीचं ऑपरेशन डॉक्टर वैजयंतीनं केलं. फोपनारला आता 'लोटूभाऊंची जात' असं कोणी म्हणत नाही. कोणी कुत्रं जुळवायला निघालं की म्हणतात, आधी लोटूभाऊंना विचारा. ते कुत्र्याच्या मामाचं कूळ विचारतात.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मुनव्याची पाठ टक्कल झाली आहे. केस उरले ते डोक्यावर आणि पायांना, मोजे घातल्यासारखे. घडाला घालायच्या पांढऱ्या पिशव्या असतात, त्यांची कोकिळाबाईंनी त्याला अंगडी शिवली आहेत. थंडीत आत मोनालीच्या जुन्या स्वेटरचं अस्तर. बागेत झाडांच्या दाटीत जिथं शेरा अडकतो, तिथून तो पांढरा ठिपका सरळ पलीकडे निघतो. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाली, मूत्रपिंड थोडं थकलंय, पाणी भरपूर द्या. लोटूभाऊंनी बागेतही त्याची पाण्याची वाटी ठेवली.

ते रोज सकाळी केळाच्या तुकड्यात गोळी दाबून त्याच्यापुढं धरतात. त्यानं ती गिळली की म्हणतात, "आभारी आहे, मालक." पहिल्यांदा गमतीनं म्हणाले असतील. आता म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. भागाबाई म्हणतात, बरोबर आहे, आणखी एक दिवस दिला त्यानं.

मोनाली बाळंतपणाला आली तेव्हा घरचा फोटो काढला. फोटोवाल्यानं पाट मागितला. लोटूभाऊ नको म्हणाले, कोकिळाबाईंच्या खांद्याखाली उभे राहिले आणि मुनव्याला उचलून छातीशी धरलं. तो फोटो पायांपर्यंत अख्खा बैठकीत लावला आहे, जुन्याच्या शेजारी.

आणि रोज सकाळी गाडीला किक मारताना नळावरून हाक येते, "भाऊजी, ते कोणाचं आहे हो?"

"माझं," लोटूभाऊ गाडी न थांबवता म्हणतात. गल्लीच्या वळणापर्यंत ते तीनदा ऐकू येतं.